माजलगावच्या जलाशयावर आई, आम्ही आणि मोती

बीड जिल्ह्याचे नाव घेतले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? कोरडी विहीर, टँकरपुढची घागरींची रांग आणि दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघालेली माणसे. हे चित्र खोटे नाही, परंतु ते अपुरे आहे. याच जिल्ह्यात असेही एक पाणी आहे की ज्याचा पलीकडचा काठ सकाळच्या धुक्यात दिसत नाही. ते पाणी म्हणजे माजलगावचा जलाशय. आपल्यापैकी बहुतेकांनी तो काठावरून पाहिला असेल. परंतु होडीत बसून, त्या पाण्याच्या मधोमध जाऊन आपला जिल्हा कसा दिसतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब ही सफर केली. सहकुटुंब म्हणजे आमची आई, सौ., मुलगी, मुलगा आणि घरचा कुत्रा मोती. वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडावा म्हणून त्या सफरीचा हा वृत्तांत देत आहोत.

प्रथम या पाण्याची ओळख करून घेऊ. सिंदफणा नदी पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावते. वाटेत बीडची बिंदुसरा तिला मिळते आणि पुढे मंजरथ येथे ती स्वतः गोदावरीत विलीन होते. या संगमाच्या अलीकडे, माजलगाव शहरालगत, सिंदफणेवर १९८७ साली पूर्ण झालेले मातीचे धरण आहे. भिंतीची लांबी सुमारे साडेसहा किलोमीटर, उंची ३१ मीटर. जायकवाडी प्रकल्पाचा हा दुसरा टप्पा. पैठणच्या नाथसागरातून निघणारा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा इथपर्यंत येतो. म्हणजे सिंदफणेचे पाणी कमी पडले तर नाशिककडे पडलेला पाऊस गोदावरीतून पैठणला आणि पैठणहून माजलगावला येतो.

जायकवाडी या नावाचीही एक गंमत आहे. जायकवाडी हे मुळात बीड जिल्ह्यातील एका गावाचे नाव. हैदराबाद संस्थानच्या काळात गोदावरीवर त्या गावाजवळ धरण बांधण्याची कल्पना निघाली होती. पुढे जागा बदलली आणि धरण सुमारे १०० किलोमीटर वर, पैठणला गेले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. धरण पैठणला गेले, नाव मात्र आपल्या जिल्ह्याचे राहिले.

आमचा पेशा कारकुनाचा आणि शिक्षण बी.कॉम.चे. त्यामुळे पाणी दिसले तरी आधी आकडे आठवतात. या जलाशयाची एकूण क्षमता ४५४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे १६ टी.एम.सी. त्यापैकी ३१२ हा उपयुक्त साठा आणि १४२ हा मृत साठा. उपयुक्त साठा म्हणजे चालू खाते. त्यातून कालव्याला, शहराला पाणी काढता येते. मृत साठा म्हणजे जी सहसा मोडायची नाही अशी ठेव. ती दुष्काळात पिण्यासाठी पंप लावून उपसावी लागते. पूर्ण भरल्यावर हे पाणी सुमारे ७८ चौरस किलोमीटरवर पसरते. क्षमतेला या क्षेत्रफळाने भागले तर सरासरी खोली सहा मीटरच्या आत येते. भिंतीजवळ ती कितीतरी जास्त, तर कडेला गुडघाभर. तात्पर्य, हा जलाशय फार रुंद पण उथळ आहे. अशा पाण्यावर वारा सुटला की लाटा लवकर उठतात. होडीत बसणाराने हा हिशेब आधी करावा.

परंतु या हिशेबात एक नोंद राहून जाते. ही साडेसहा किलोमीटरची माती कोणी वाहिली? आमची आई लग्न होऊन सासरी आली त्या काळात धरणाच्या मातीकामावर होती. तिच्यासारख्या शेकडो बाया डोक्यावर पाटी घेऊन दिवसभर चढत आणि उतरत. मस्टरवर अंगठा उठे, पाट्यांचा हिशेब मुकादमाकडे राही. आई त्या धरणाविषयी कधी फारसे बोलत नसे. आम्ही विचारले तेव्हा म्हणाली, "भिंत झाली आन् आमी दुसऱ्या कामावर गेलो. पानी साचलेलं म्या कदी बघितलंच न्हाई." तिची सत्तरी जवळ आली आहे. बीडच्या आमच्या घरातील नळाला येणारे पाणीही बरेचसे माजलगावचेच. ते ती रोज भरते; पण ते जिथून येते ती जागा तिने भरलेली पाहिलेली नव्हती. सफरीचे खरे कारण हेच.

आता मोती कसा आला ते सांगतो. होडीचे नाव काढताच आईने नकार दिला. पाण्याची भीती हे एक कारण आणि दुसरे कारण मोती. "त्याला दिवसभर भाकर कोन घालील? त्यो येत आसंल तर मी येते," असा तिचा निकाल. मोती हा गावरान जातीचा, तपकिरी रंगाचा, पाच वर्षांचा कुत्रा. मुलीने शाळेजवळून उचलून आणलेले पिल्लू. घरात सर्वांचा, पण झोपतो आईच्या बाजेखाली. शेजाऱ्यांना हसू आले की हे लोक कुत्र्याला सहलीला नेत आहेत. आम्हाला मात्र त्यात नवल वाटले नाही. आपल्या जिल्ह्यातला कुत्रा हा फिरता कुत्राच आहे. ऊसतोडीला निघालेली बैलगाडी पाहा. गाडीत चूल, भांडी, लेकरे आणि गाडीखालून चाकांच्या सावलीत चालणारा कुत्रा. आता ट्रॅक्टर आले, तर तो ट्रॉलीत संसाराच्या गाठोड्यांवर बसून जातो. माणसे फडावर गेली की कोपीवर राखण त्याचीच. जो कुत्रा कुटुंबाबरोबर कामाला जातो, तो कुटुंबाबरोबर सुखाच्या दिवशीही यावा, हे न्यायाचेच आहे.

माजलगावच्या जलाशयावर तिकीट काढून बसावे अशी सहलीची होडी आहे, असे समजून कोणी निघू नये. तिथे होड्या आहेत त्या मच्छीमारांच्या. आमच्या परिचयातील एका मच्छीमार भावाने लोखंडी पत्र्याची, मागे लहान इंजिन असलेली होडी न्यायचे कबूल केले. कोणत्या भागात जाता येते आणि कोणत्या भागात मनाई आहे, याची चौकशी आम्ही धरणावरील कर्मचाऱ्यांकडे आधी करून घेतली. लाइफ जॅकेट बचाव पथकात काम करणाऱ्या एका मित्राकडून मागून घेतली. माणसे पाच, जॅकेट पाच. एकही कमी नाही, ही अट सौ.ने घातली होती आणि ती योग्यच होती.

मोतीची तयारी वेगळी. त्याचे रेबीजचे इंजेक्शन वेळेवर झालेले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी चार गोष्टी सांगितल्या. निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खाऊ घालू नये, कारण डुलणाऱ्या होडीत कुत्र्यालाही मळमळते. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा पट्टा बांधावा, म्हणजे पाण्यात पडल्यास गळा न आवळता त्याला वर ओढता येते. पत्र्यावर त्याची नखे घसरतात, म्हणून खाली गोणपाट अंथरावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला होडीला कधीही बांधू नये. होडी उलटली तर बांधलेले जनावर तिच्याबरोबर खाली जाते. कुत्र्याला पोहता येते म्हणून निश्चिंत राहणेही बरोबर नाही. तो पोहतो, पण होडीच्या उंच कडेवर त्याला चढता येत नाही आणि थकला की बुडतो. म्हणून पट्ट्याची दोरी मुलीच्या हातात, आणि हात मोकळा, असे ठरले.

बीडहून पहाटे निघून वडवणी, तेलगाव करीत आम्ही माजलगावला पोहोचलो. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होतीच. काठावर होडीवाले भाऊ आणि त्यांचा पुतण्या वाट पाहत होते. मोतीला पाहताच भाऊ हसून म्हणाले, "दादा, याला सांभाळा. लवूळ इथून लांब न्हाई." वाचकांना आठवत असेल, २०२१ च्या डिसेंबरात माजलगाव तालुक्यातील लवूळ गावचे नाव जगभर गेले होते. माकडे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडावर, छपरावर नेत आणि ती पिल्ले उपाशी किंवा खाली पडून मरत. वन खात्याने शेवटी दोन माकडे पकडून नेली. गावकरी अडीचशे पिल्लांचा आकडा सांगत, जाणकारांना तो फुगवलेला वाटे. परदेशी वर्तमानपत्रांनी त्याला माकडांचे सूडयुद्ध ठरवले. आमच्या जिल्ह्याची कीर्ती अशी होते! माकड-कुत्र्याची बातमी लंडनला पोहोचते, आणि ७८ चौरस किलोमीटरचे पाणी पुण्याच्या माणसालाही ठाऊक नसते. असो.

होडीत चढताना खरी परीक्षा झाली. मोती पाय रोवून उभा राहिला. डुलणारा पत्रा त्याला मान्य नव्हता. मुलगा त्याला उचलायला गेला, तेव्हा भाऊ म्हणाले, "उचलू नगा, बिथरंल. आधी आईला बसू द्या." आईला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही मधल्या फळीवर बसवले. लुगड्यावर केशरी जॅकेट घातलेली आई पाहून मुलांना हसू आवरेना. ती बसताच मोतीने एक उडी मारली आणि तिच्या पायाशी गोणपाटावर जाऊन बसला. इंजिन सुरू झाले तसे त्याने कान पाडून तोंड तिच्या पदरात खुपसले. आईचा एक हात फळीवर घट्ट, दुसरा मोतीच्या पाठीवर. कोण कोणाला धीर देत होते, हे सांगणे कठीण.

साडेसातची वेळ. वारा नव्हता. धरणाची भिंत पूर्वेला मागे राहिली आणि सूर्य तिच्यावरून वर आला. दहा-पंधरा मिनिटांत मोतीचे नाक वर झाले. पाण्याचा, मासळीचा, ओल्या जाळ्याचा वास घेत तो होडीच्या मध्यावर उभा राहिला. पाण्यावर ठिकठिकाणी थर्माकोलचे तुकडे आणि रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. मुलाला वाटले कचरा आहे. भाऊंनी सांगितले की त्या खुणा आहेत, खाली जाळी लावलेली आहेत. अशा ठिकाणी ते इंजिन बंद करून पाते वर उचलत आणि वल्ह्याने होडी काढत. पात्यात जाळे अडकले तर जाळेही जाते आणि होडीही अडते. कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज जलाशयात सोडतात. तिलापिया मात्र न सोडता वाढते आणि इतरांना पुरून उरते, असे ते म्हणाले. काही मच्छीमार थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी ओढत होते. आमच्या होडीच्या लाटेने त्यांचा चप्पू हलू नये म्हणून भाऊंनी वेग कमी केला. रस्त्यावरच्या वाहनवाल्यांनी हे पाण्यावर येऊन शिकावे.

पुढे उथळ पाण्यात काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे पक्षी थव्याने बसले होते. त्यांना आपल्याकडे वारकरी म्हणतात. मोतीने एकदाच भुंकून घेतले आणि अर्धा थवा पाण्यावर पाय आपटीत पळाला. मुलीने लगेच दोरी आवळली, भाऊंनी इंजिन बंद केले आणि होडी दुसऱ्या बाजूला घेतली. हिवाळ्यात येणारे अनेक पक्षी हजारो मैलांवरून येतात. खाणे आणि विसावा हेच त्यांचे इथले काम. त्यांना वारंवार उडवणे म्हणजे प्रवासाची शिदोरी हिसकावणे होय. पैठणचा नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे कुत्रा घेऊन जाण्याचा विचारही करू नये. पुढे एक नदीसुरय पाण्यावर सूर मारून गेला, खंड्या एका वाळक्या खुंटावर बसला होता. मोतीने ते सर्व गप्प राहून पाहिले.

ते वाळके खुंट म्हणजे बाभळीची झाडे होती. पाणी येण्यापूर्वी तिथे शेताचे बांध होते. आईने विचारले, "खाली कुनाकुनाची घरं हायेत रे बाबा?" भाऊ म्हणाले, "लई जनांची. माझ्या आज्याचं वावर बी हितंच हाय, आई." मग कोणी काही बोलले नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की हीच जमीन उघडी पडते आणि लोक तिच्यात गाळपेर करतात. चार महिने शेत, आठ महिने तळे. धरण बांधणारे वेगळे, धरणाखाली बुडालेले वेगळे आणि पाणी वापरणारे आणखी वेगळे. तिन्ही जण एका होडीत क्वचितच बसतात. त्या दिवशी बसले होते.

परतताना आईने भिंत पाहायची इच्छा सांगितली. दरवाजांजवळचा भाग मनाईचा, म्हणून भाऊंनी होडी दुरूनच आडवी नेली. भिंतीच्या उतारावर लावलेले दगडी पिचिंग उन्हात दिसत होते. आई बराच वेळ पाहत होती. आपण नेमके कुठे काम केले ते तिला ओळखता येईना. सगळी भिंत सारखीच. शेवटी म्हणाली, "येवढी मोठी झाली व्हय ही!" मग तिने वाकून पाण्यात हात घातला आणि ओला हात मोतीच्या डोक्यावरून फिरवला. ४५४ दशलक्ष घनमीटरची नोंद सरकारी दप्तरात आहे. तिने किती पाट्या वाहिल्या, याची नोंद कुठल्याही वहीत नाही.

पाणी, माणूस आणि कुत्रा हे तिघे एकत्र आले की आपल्या मनात महाड येणारच. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले. तरीही आपली माणसे तिथे जाऊ शकत नव्हती. पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता, माणसाला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी प्राशन केले, आणि न्यायालयातील लढा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला. परंतु यावरून कोणी असे समजू नये की बाबासाहेबांचा राग जनावरावर होता. दादरच्या राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे कौटुंबिक छायाचित्र अनेकांच्या घरी आहे. त्यात यशवंतराव, बाबासाहेब, माता रमाई, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद आहेत. आणि त्याच चित्रात त्यांचा आवडता कुत्रा टॉबीही आहे. फोटो काढताना ज्याला बाजूला केले नाही, तो घरचाच होता. कुत्र्याला पाणी मिळते ही तक्रार कधीच नव्हती. माणसाला मिळत नाही ही होती.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कमी बोलली जाते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, आणि सिंचन व वीज हे विषयही त्यांच्या खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना त्या काळातली. १९४५ साली जो केंद्रीय आयोग स्थापन झाला, त्याच्या नावातच जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन असे तीन शब्द होते. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी बोलताना त्यांनी नदीच्या पाण्याचा उपयोग शेती, वीज आणि वाहतूक या सर्वांसाठी एकत्र करावा, हीच भूमिका मांडली. म्हणजे धरण म्हणजे केवळ उसाला पाणी, असा त्यांचा हिशेब नव्हता. त्या पाण्यावर होडी चालावी, हेही त्यात होते. आपण मात्र धरण बांधले, कालवे काढले आणि होडीचे पान कोरे ठेवले.

ते पान कोरे राहिल्याची किंमत माणसे मोजत आहेत. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटली आणि सहा जण बुडाले. गंगापूर तालुक्यातील भिव धानोरा येथील मुले नाथसागराच्या फुगवट्यातून थर्माकोलवर बसून शाळेत जातात, ही बातमी २०२३ साली सर्वांनी वाचली; पाण्यातले साप जवळ येऊ नयेत म्हणून ती मुले हातात काठी ठेवत. माजलगावच्याच पाण्यात सप्टेंबर २०२२ मध्ये पोहायला उतरलेले एक डॉक्टर बुडाले आणि त्यांचा शोध घेणारा कोल्हापूरच्या पथकातील जवानही प्राणास मुकला. एकीकडे पाणी पाहायला मिळत नाही, आणि दुसरीकडे ज्यांना पाण्यावाचून मार्ग नाही त्यांना जॅकेट मिळत नाही. या दोन गोष्टी एकाच दुर्लक्षाच्या दोन बाजू आहेत. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा, बामणोली भागात लाँच हे रोजचे वाहन आहे. तिथे जे जमते ते आपल्याकडे का जमू नये?

ज्या कुटुंबांना अशी सफर करायची असेल त्यांच्यासाठी चार अनुभवाचे शब्द. सकाळी लवकर जावे आणि दहा-साडेदहाच्या आत काठाला लागावे, कारण पुढे वारा वाढतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचा वारा केव्हा सुटेल याचा नेम नसतो. त्या दिवसांत पाण्यावर जाऊच नये. माणसांइतकी जॅकेट नसतील तर होडी कितीही चांगली असली तरी बसू नये. वजन दोन्ही बाजूंना सारखे ठेवावे, कोणी उभे राहू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. कुत्रा सोबत असेल तर त्याने मध्यभागीच बसावे. तो कडेला गेला आणि त्याला धरायला दोघे तिकडे झुकले, तर होडी कलते. त्याच्यासाठी पिण्याचे पाणी घरून न्यावे. काठाला हिरवट साय धरलेले पाणी कुत्र्याच्या पोटात गेले तर विषबाधा होऊ शकते. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. म्हणून पत्रा तापण्याआधी परतावे. घरी आल्यावर त्याला स्वच्छ पाण्याने धुवावे, कान कोरडे करावेत, गोचीड पाहावेत. आणि त्याची घाण काठावर सोडू नये. तेच पाणी बीडच्या नळाला येते. आम्ही जुनी वर्तमानपत्रे आणि एक पिशवी नेली होती, ती उपयोगी पडली.

खर्चाचेही सांगतो, कारण विचारणारे विचारतात. सर्वांत मोठा खर्च जाण्या-येण्याच्या गाडीचा झाला. होडीवाल्या भावांनी इंजिनाच्या डिझेलखेरीज काही घ्यायला नकार दिला. त्यांची सकाळ मोडली होती, म्हणून आम्ही त्यांच्याकडून मासळी विकत घेतली आणि भाव केला नाही. शिदोरी घरची होती. शहरात एका कुटुंबाने सिनेमा पाहून हॉटेलात जेवावे, त्याहून हे जास्त नाही.

आमची सूचना साधी आहे. धरणावर एक पक्का उतारघाट असावा, मच्छीमारांच्या होड्यांना रीतसर परवाना आणि तपासणी असावी आणि जॅकेट तिथेच भाड्याने मिळावीत. यासाठी मोठे पर्यटन केंद्र लागत नाही, उंची हॉटेल लागत नाही. मच्छीमारांना जोडधंदा मिळेल, शाळांच्या सहली येतील, मुलांना पाणी आणि पक्षी कळतील. आमच्या मंडळातर्फे असा अर्ज आम्ही देणार आहोत. गावोगावच्या कार्यकर्त्यांनीही आपापल्या तालुक्यातील तलावासाठी तो द्यावा. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण २०१६ साली कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण पाहिले आहे. ज्या पाण्याशी माणसाचा सहवास असतो ते पाणी माणूस जपतो. नुसत्या आकड्यांतून ती ओढ येत नाही.

जायचे असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चनंतर पाणी काठापासून दूर सरते आणि चिखल तुडवावा लागतो. घरातील म्हाताऱ्या माणसांना अवश्य सोबत न्यावे. मुले पुढच्या वर्षीही जातील. परंतु ज्यांनी ही माती डोक्यावर वाहिली, त्यांची वये आता सत्तरीकडे आणि ऐंशीकडे झुकली आहेत. त्यांनी बांधलेले पाणी त्यांना एकदा मधोमध बसून पाहता यावे, हे आपल्या हातात आहे.